चांगल्या रिपोर्टची धास्ती

लोकांच्या नवऱ्यांचे रिपोर्ट वाईट आले की बायका रडतात. माझ्या नवऱ्याचा रिपोर्ट चांगला आला आणि मी चुलीपुढं बसून रडले. सासूला सांगितलं, लाकूड ओलं आहे. लाकूड चांगलं कडकडीत वाळलेलं होतं आणि तिनंच सकाळी आणून ठेवलं होतं. तिनं नुसतं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि फुंकणी पुढं सरकवली.

हे कळायचं तर आधी आमचा संसार कळायला हवा. माझा नवरा वास्कोला एका यार्डात लोडर चालवतो. मी गावातल्या शाळेत शिकवते. आमचं गाव कॅसलरॉक स्टेशनपासून तासाभराच्या पायवाटेवर, झाडीत. पंधरवड्यातून एकदा तो शनिवारच्या गाडीनं येतो आणि रविवारी परत जातो. असं येता-जाता आमची मुलगी मोठी होऊन बेळगावला शिकायलासुद्धा गेली. घरात मी आणि सासू. सासूला मी आत्ती म्हणते, इकडं तसंच म्हणतात. नवऱ्याशी बोलताना ‘अवो’ आणि ‘तुमी’ करते, पण लिहिताना तो ‘तो’च बरा वाटतो. पंधरा दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला आणखी कशाला लांब ठेवायचं?

माझं माहेर खानापूरकडचं. लग्न होऊन या जंगलात आले तेव्हा नवरा इथंच होता. बांबू तोडायला जायचा, रोपवनात खड्डे काढायचा, आणि पावसाळ्यात आमचं भाताचं शेत. संध्याकाळी दारात येऊन कोयता टेकवायचा तेव्हा त्याच्या अंगाला ओल्या पाचोळ्याचा वास यायचा. पोट असं सपाट की वर वाटी ठेवली तरी हलली नसती. पुढं जंगलातली कामं आटली, आणि इथल्या बहुतेक पुरुषांसारखा तोही गाडीत बसून गोव्याला गेला. ती पहिली चार-पाच वर्षं एवढाच काय तो आमचा एकत्र संसार. बाकी सगळं वेळापत्रक.

जंगलातून दमून आलेल्या पुरुषाला काय वाढायचं हे आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. उकड्या तांदळाचा भात, ताटात मावणार नाही इतका. त्यावर मुठेल, म्हणजे कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल. ते थंड झालं की घट्ट होतं आणि मुठीत दाबून त्याचे गोळे करून ठेवतात. गरम भातावर किसलं की लगेच वितळतं. सोबत सुक्या मासळीचं कालवण आणि वर तांदळाचीच भाकरी. दिवसभर बांबू ओढणाऱ्याच्या अंगात हे सगळं संध्याकाळपर्यंत जळून जायचं. नवरा गोव्याला गेला, कोयत्याऐवजी त्याच्या हातात लोडरचा दांडा आला, दिवसभर गादीच्या खुर्चीत बसणं आलं. आमचं ताट मात्र बांबू ओढणाऱ्याचंच राहिलं. उलट दोन दिवसांसाठी आलाय म्हणून जरा जास्तच. वाढणारे हात दोन बायकांचे, आणि दोघींनाही पंधरा दिवसांचं प्रेम एका जेवणात उरकायचं असायचं.

त्याचं पोट सुटलं ते आम्ही पाहिलं नाही असं नाही. हातापायाच्या काड्या आणि पोटाचा नगारा, असं मी त्याला चिडवायचेसुद्धा. आत्तीला मात्र ते आवडायचं. तिच्या लेखी सुटलेलं पोट म्हणजे मुलगा खाऊनपिऊन सुखी आहे याचा दाखला.

मग दोन वर्षांमागं, पावसाळ्याच्या तोंडाशी, त्यांच्या यार्डात सगळ्या चालकांची तपासणी झाली. याची साखर भलतीच निघाली. मशीन चालवताना डोळ्यांपुढं अंधारी आली तर काय, म्हणून त्याला खाली उतरवलं. औषध घे, घरी जा, साखर ताब्यात आली की कागद घेऊन ये, जागा ठेवतो, असं सांगितलं. तो आडवारी, म्हणजे आठवड्याच्या मधेच, घरी आला, खांद्यावर पिशवी आणि तोंड एवढंसं. मी शाळेतून आले तर ओट्यावर बसलेला.

त्याला काळजी लागलेली आणि मला, खरं सांगते, आनंद झाला होता. काळजीही होतीच, पण आनंद आधी झाला. दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, गाडी नव्हती, आणि नवरा घरात होता.

उपचाराची सूत्रं आत्तीनं हातात घेतली. साखरेचा आजार म्हणजे गोडाचा आजार, तेव्हा गोड बंद. चहातली साखर गेली, मध गेला, फणस गेला. परसात वेलावर वाढणारे कोन, आमच्याकडचे हाताएवढे कंद, तेही उकडले की गोडसर लागतात म्हणून गेले. मग आजाऱ्याला द्यायचं काय? तर तांदळाची पेज. इकडं ताप असो, बाळंतपण असो, पोट बिघडलेलं असो, आजाऱ्याला पेज. त्यात शंका घेणं म्हणजे देवावर शंका घेणं. त्यामुळं माझा नवरा सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी पेज असा पथ्यावर बसला. ती फिकी, म्हणजे निर्धोक. तोंडाला चव यावी म्हणून सोबत तळलेला पापड आणि मुठेलाची बोटभर लकेर, कारण तेलातुपात कुठं साखर असते? मीही बी.एड. झालेली बाई, पण मलाही हे सगळं पटलं. लहानपणी तापात मीही पेजच प्यायलेली.

पुढच्या तपासणीत साखर आणखी वर.

रामनगरच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतात आणि हसतात खूप. पण पेजेचं ऐकून त्या हसल्या नाहीत. त्यांनी आधी बेळगावला पोटाची सोनोग्राफी करायला पाठवलं. ती आल्यावर आम्हा दोघांना समोर बसवून सांगायला लागल्या. मला जितकं कळलं तितकं सांगते.

त्या म्हणाल्या, साखर ही शेवटी दिसणारी गोष्ट आहे. गडबड आधी चरबीत होते. खाल्लेलं अंगात जळलं नाही की शरीर ते चरबी करून साठवतं. भात जास्त झाला तर लिव्हर त्या भाताचीच चरबी करतं, त्यासाठी तूप खायला लागत नाही. पेजेचीही होते. कातडीखालच्या कोठारात जागा असते तोवर ठीक. ती संपली, की चरबी जिथं राहू नये तिथं राहायला जाते, लिव्हरात आणि हातापायांच्या स्नायूंत. काहींच्या अंगाला ही जागा मुळातच कमी, म्हणून माणूस दिसतो बारीक आणि आत भरलेला.

मी विचारलं, त्यानं साखर कशी वाढते? त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, तुमच्याकडं भात कुठं ठेवता? मी म्हणाले, कणगीत. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली. कणगी भरली तर? तर पोती पडवीत. पडवी भरली तर? तर दाराआड. तसंच आहे, त्या म्हणाल्या. इन्सुलिन दार ढकलतंय, साखरेला आत घ्या म्हणतंय. पण दाराआड चरबीची पोती पडलीत, दार उघडत नाही. साखर बाहेर अंगणात, म्हणजे रक्तात, उभी राहते.

नवऱ्याला एक कोडं पडलं होतं. संध्याकाळच्या जेवणानंतर काही खात नाही, मग सकाळी उपाशीपोटी साखर एवढी येते कुठून? बाई म्हणाल्या, तुमचं लिव्हरच बनवतं. रात्रभर उपाशी माणसाला पुरवायला लिव्हर थोडी साखर सोडत असतं, आणि पुरे म्हणून त्याला थांबवतं ते इन्सुलिन. चरबीनं भरलेलं लिव्हर ते ऐकत नाही. नवरा माझ्याकडं बघून म्हणाला, म्हणजे कुंपणच शेत खातंय. बाईंना ही म्हण माहीत नव्हती, पण त्यांनी लिहून घेतली.

औषध चालू राहिलं, पण औषधापेक्षा त्यांनी जोर दिला तो पोट उतरवण्यावर. भात मुठीएवढा, डाळ आणि भाजी जास्त, तळण बंद, आणि रोज चालायचं, घाम येईपर्यंत. चालताना स्नायू साठलेली चरबी जाळतात. वजन उतरायला लागलं की लिव्हर त्यातल्या त्यात लवकर रिकामं होतं, अजून वेळ गेलेली नाही, असं त्या म्हणाल्या. आम्ही आजवर रोग रेड्याला आणि औषध पखालीला देत होतो. येताना बसमध्ये नवरा पहिल्यांदा हसला.

आत्तीला समजावणं डॉक्टरकी शिकण्यापेक्षा अवघड गेलं. आजाऱ्याची पेज काढून घेणारी सून म्हणून तिनं आठवडाभर माझ्याशी तुटक बोलणं ठेवलं.

आम्ही चालायला लागलो. सकाळी उजाडलं की निघायचं, कारण त्याआधी अस्वलाची भीती. ओढ्यावरच्या साकवापर्यंत जायचं आणि परत. सुरुवातीला तो अर्ध्यावर धापा टाकत थांबायचा आणि मोळी वाहणाऱ्या बायका त्याला बघून पदरात हसायच्या. मी मागून ढकलायचे, शाळेतल्या पोरांना म्हणते तसं ‘चला, चला’ करायचे. पावसात इरली डोक्यावर घेऊन चाललो, पायांना जळवा लागल्या तर मीठ लावून सोडवल्या. वाटेत तो जुनी झाडं दाखवायचा. इथं मधाचं पोळं असायचं, इथं आमी बांबूची थप्पी लावायचो. वीस वर्षांत मला न सांगितलेलं तो त्या वाटेवर सांगायला लागला. वास्कोत खोलीवर एकटा असताना सुरुवातीला झोप यायची नाही, गाडीचा आवाज आला की घरची आठवण यायची, हेही त्यानं मला एका वळणावर सांगितलं, पुढं बघत, माझ्याकडं न बघता.

रोपणीला तो चिखलात उतरला. किती वर्षांनी. तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढताना आधी कंबर धरली, मग सुटली. संध्याकाळी ओट्यावर पाय धुवायचा तेव्हा त्याच्या अंगाला पुन्हा तो ओल्या पाचोळ्याचा वास यायला लागला. मी आतून बाहेर, बाहेरून आत उगाच दोन फेऱ्या मारायचे. चाळिशी उलटलेली बाई, शाळेत पोरांना दरडावणारी, आणि नवऱ्याच्या वासासाठी फेऱ्या मारते. हसायचं असेल तर हसा.

पावसाळ्याच्या शेवटी त्याची पॅन्ट कमरेवर राहीना. आत्तीनं सुतळी दिली. गावात कुणी म्हणालं, आजारानं वाळला बिचारा, आणि मी त्या बाईशी भांडले. दर तपासणीला साखर खाली येत होती. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या कमी केल्या. मी कौतुकानं डोलत होते, जणू मीच परीक्षेला बसले होते आणि पहिली येत होते.

आणि मग एका सकाळी, साकवावर बसलो असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यानं सहज विचारलं, पुढच्या म्हैन्याचा रिपोर्ट चांगला आला तर बाई कागद देतील न्हवं? मी विचारलं, कसला कागद? तो म्हणाला, फिट असल्याचा. यार्डात द्यायचा.

मी त्याच्याबरोबर चालत होते. तो गोव्याकडं चालत होता. रोज सकाळी, इतके महिने, एकाच वाटेवर. यात त्याचा काही गुन्हा नव्हता. त्याला त्या यंत्रावर बसायला आवडतं. डोंगराएवढा ढिगारा आपण दोन बोटांनी उचलतो हे सांगताना त्याचा चेहरा उजळतो, आणि इथं जंगलात त्याला आता उचलायला काही नाही. हे सगळं मला कळत होतं. पण कळणं आणि सोसणं यांची गाडी एकाच वेळेला येत नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. वजनकाटा शाळेतून आणलेला होता. काटा खाली सरकला की नवरा खूश, आणि मी वरवर हसायचे. त्याच्या अंगातली चरबी उतरत होती तसा माझ्या घरातला माणूस उतरत होता. आत्तीही हे पाहत होती. ती अडाणी आहे, पण आंधळी नाही.

तपासणीला आठवडा होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी मी त्याचं ताट वाढत होते. मुठीएवढा भात, आमटी, भेंडीची भाजी. आत्तीनं फडताळातून मुठेलाचा गोळा काढला आणि किसणीसकट माझ्यापुढं ठेवला. एवढ्या महिन्यांत तिनं तो काढला नव्हता. मी म्हणाले, आत्ती, हे नको. ती हळू आवाजात म्हणाली, “घाल गे थोडं. आनी भातबी वाढ. बरा झाला की जाईल न्हवं त्यो.”

नवरा बाहेर ओट्यावर होता. त्याला ऐकू गेलं नसणार. मी तो गोळा हातात घेतला. तो हाताच्या उबेनं मऊ व्हायला लागला. एका गोळ्यानं काही झालं नसतं हे मला माहीत होतं. पण एक आज, एक उद्या, भाताचा एक डाव जास्त, सकाळी एखाद्या दिवशी माझं डोकं दुखतंय म्हणून चालणं नको. फार काही करायलाच नको होतं. दाराआड पुन्हा पोती रचायची, एकेक. साखर चढली असती, कागद मिळाला नसता, आणि पुढचा शनिवार, त्याच्या पुढचा शनिवार, सगळे वार माझे असते.

मी आत्तीकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते. ती त्याची आई. तिनं मागितलं ते वाईट नव्हतं, तिनं फक्त आपला मुलगा मागितला. मी म्हणाले, “आत्ती, त्यो हितं ऱ्हाऊन आंधळा झाला, त्याचा पाय गेला, तर मग काय करायचं आपण त्याला ठेवून?” ती उठली. मी गोळा परत फडताळात ठेवला आणि ताट होतं तसंच बाहेर नेलं. हाताला लागलेलं तेल मी पायांच्या भेगांना लावलं. इकडं त्याचा तोही उपयोग करतात.

आठवड्यानं रिपोर्ट आला. साखर ताब्यात, पोट उतरलेलं, लिव्हरही बरंच सुधारलेलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांचं अभिनंदन केलं आणि कागद दिला. त्याच दिवशी मी चुलीपुढं बसून रडले, ते वर सांगितलंच आहे.

दिवाळी झाल्यावर तो गेला. मी स्टेशनवर पोचवायला गेले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. एरवी रविवारी मला पोरांच्या वह्या तपासायच्या असतात, निदान मी तसं सांगते. त्याच्या पिशवीत मी नाचणीचं पीठ, चणे, सुकी मासळी घातली होती. गाडी आली. तो म्हणाला, “येतो पंधरा दिसांनी.” मी म्हणाले, बरं. एवढंच. गाडी बोगद्याकडं वळली आणि मी परत फिरले. तासाभराची वाट त्या दिवशी फार लांबली. परसातले कोन मी त्याच आठवड्यात काढले. बाईंनी आधीच सांगितलं होतं, भाताच्या जागी थोडे खाल्ले तर चालतात. पण आता खायला घरात आम्ही दोघीच होतो.

वर्ष सरलं. पंधरा दिवसांनी येतो तेव्हा त्याला मुठीएवढाच भात वाढते. सुरुवातीला तब्येत छान होती. मग यंदाच्या उन्हाळ्यात, एक रविवार सुट्टी मिळाली नाही म्हणून आला नाही, दुसरा रविवारही नाही. एका संध्याकाळी फोन आला. आमच्याकडं फोन लागायला वरच्या टेकाडावर जावं लागतं. मी तिथंच उभी होते. म्हणाला, तपासून घेतलं, साखर पुन्हा चढलीय. पोटबी थोडं आलंय. चालणं सुटलंय. यार्डात सांगितलं न्हाई अजून.

हे ऐकून मला आनंद झाला. आधी आनंदच झाला. चांगला घट्ट, पोटातून आलेला, चूल पेटल्यासारखा. तो येणार. पुन्हा यंत्रावरून उतरवतील आणि तो आडवारी येऊन ओट्यावर बसेल. मी त्या टेकाडावर उभी राहून एवढं सगळं पाहून घेतलं, त्याच्या पिशवीसकट.

पलीकडून तो कुणासंगं चालू, तू न्हाईस हितं, असं काहीतरी म्हणाला. वर्गातला आवाज माझ्याकडं कायम तयार असतो. मी म्हणाले, “उद्या सकाळपास्नं चालायचं. घाम येस्तोवर. पाव खायचा न्हाई, आनी हॉटेलात भात मागायचा न्हाई.”

“मग ताब्यात येईल?” त्यानं विचारलं.

“येईल,” मी म्हणाले. “तुमाला ऱ्हाता येईल तितं.”